दिवा लागतो, आवाज नाही

माझ्या सासऱ्यांनी चौतीस वर्षं एका कारखान्यात तपासनीस म्हणून काम केलं. तयार माल हातात घ्यायचा, उलटसुलट करायचा आणि त्यात खोट काढायची, याचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, काम चालूच राहिलं. आमच्याकडे राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी न्हाणीघरातला नळ, दाराची कडी, माझी दाढी आणि बायकोचा चहा, सगळं एका दमात नापास केलं. बायको त्यांची सख्खी मुलगी, पण तिलाही सूट नाही. बाबा बैठकीच्या खोलीत येऊन बसले की आम्हा दोघांना एकदम कामं आठवायची. तिला कपड्यांच्या घड्या करायच्या असायच्या, मला आत काहीतरी शोधायचं असायचं. काय शोधायचं ते मी आत गेल्यावर ठरवायचो.

म्हणून मी ती डबी आणली. संगणक आणि हेडफोन यांच्या मधे लावायची, साबणाच्या वडीएवढी, काळी. संगणकातलं गाणं म्हणजे शेवटी नुसते आकडे. त्या आकड्यांचा आवाज करायचा आणि तो हेडफोनला पुरेल इतका वाढवायचा, एवढंच तिचं काम. बाजारातली सगळ्यात स्वस्त होती, तरी घेणाऱ्यांनी खाली लिहिलं होतं की हिच्यातून गायक श्वास घेतो तेसुद्धा ऐकू येतं. मला त्या गायकाच्या श्वासाशी काय कर्तव्य? तो घेवो नाहीतर न घेवो, सासऱ्यांचा आवाज बंद झाला की मी सुखी.

आणि झाला की हो बंद. संध्याकाळी सहाला बाबा संगणकाशेजारच्या खुर्चीत बसायचे, डबीचा निळा दिवा लावायचे, कानावर हेडफोन चढवायचे, डोळे मिटायचे आणि खुर्चीच्या हातावर एका बोटाने ताल धरायचे. रात्री जेवायला हाक मारेपर्यंत समाधी. आम्ही दोघं हळूहळू त्या खोलीत परत बसायला लागलो. तिथेच चहा, तिथेच भांडणं, तिथेच शेजाऱ्यांची उणीदुणी आणि ती संपली की बाबांची. ते जेवताना कसे मचमच करतात, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा कसा शोधतात, याची मी नक्कल करायचो. त्यांच्यापासून दोन हातांवर उभा राहून. बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. मी फार चांगली नक्कल करतो, असं तिचं मत आहे.

बाबांना दादाकडे, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाकडे, पाठवायचं आम्ही याच खोलीत ठरवलं. दोन महिन्यांपूर्वी. दादाला फोनसुद्धा इथूनच केला. चार वर्षं आम्ही सांभाळलं, आता तुझी पाळी, असं स्वच्छ सांगितलं. रविवारी दादा गाडी घेऊन न्यायला येणार होता. बाबांना आम्ही सांगितलं होतं, चार दिवस हवापालट करून या. चार दिवसांसाठी त्यांचे हिवाळ्यातले कपडे, गरम पाण्याची पिशवी आणि आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, फोटो, एवढं सामान बायकोने भरलं होतं. त्यावर बाबा काही बोलले नाहीत. खोट काढायची एवढी सुवर्णसंधी त्यांनी सोडली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण अक्कल वेळेवर येईल तर ना.

गुरुवारी बाबा चष्म्याच्या दुकानात गेले तेव्हा बायको म्हणाली, ती डबी एकदा तपासून ठेव, तिकडे बंद पडली तर वहिनी आठ दिवसांत त्यांना परत आणून सोडेल. मुद्दा बिनतोड होता. मी लगेच बसलो.

मी पोटासाठी लोकांची वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. एवढीशी डबी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. दिवा लावला, दिवा लागला. गाणं लावलं, आवाज नाही. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, तरी नाही. हेडफोन काढून माझ्या फोनला लावला, तो ठणठणीत. म्हणजे दोष अलीकडचा. वायर बदलली. स्वस्तातल्या वायरींत नुसती वीज वाहते, माहिती जात नाही, असं पुष्कळदा होतं. काही फरक नाही. संगणकाचं भोक बदललं, तरी संगणक म्हणे असलं काही यंत्र मला जोडलेलंच नाही. दिवा मात्र ऐटीत जळतोय. मग चार स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि भिंग लावून पाहिलं. वायर जिथे खुपसतात तिथल्या सोल्डरच्या चार टाक्यांपैकी मधले दोन, माहिती नेणारे, तडकलेले होते. कडेचे दोन विजेचे, ते शाबूत. म्हणून दिवा लागायचा आणि आवाज यायचा नाही. वायर ओढली गेली की असं होतं. तडकलेल्या जागी धूळ बसून काळी पडली होती.

दोन टाके पुन्हा मारले. संगणक टिंग करून जागा झाला आणि त्याने डबी ओळखली. मी स्वतःवर खूश होऊन नोंदी बघत बसलो. यंत्र कधी जोडलं, कधी तुटलं, सगळ्याच्या तारखा संगणक लिहून ठेवतो. आजची नोंद वर होती. तिच्या खालची नोंद नऊ महिन्यांपूर्वीची होती.

मला वाटलं संगणकाचं काहीतरी चुकलंय. गाणी लावायचा कार्यक्रम उघडून पाहिला. शेवटचं गाणं त्याच दिवशी वाजलं होतं, तेही अर्धंच.

नऊ महिने बाबा रोज संध्याकाळी बंद हेडफोन कानाला लावून ताल धरत होते. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या भिंती बिचाऱ्या बऱ्या, आम्ही खुर्चीलाच कान बसवून दिले होते. मी काय काय बोललो ते आठवायला लागलो आणि अर्ध्यावर सोडून दिलं. मचमच आठवली. चष्म्याची नक्कल आठवली. दादाचा फोन आठवला, 'आता आमच्याच्याने होत नाही' हे माझं वाक्य आठवलं, आणि त्या वेळीसुद्धा ते बोट खुर्चीवर चालू होतं हे आठवलं. ताकास तूर लागू दिली नाही माणसाने.

लाज वाटली, पण खरं सांगतो, आधी राग आला. लाजेपेक्षा राग सोपा असतो. म्हटलं, म्हातारा नऊ महिने नाटक करतो म्हणजे काय, रंगेहाथ पकडतोच. मी झाकण बसवलं, डबी जागच्या जागी ठेवली, एक दणदणीत गाणं लावलं, आवाजाचं बटण निम्म्यावर नेलं आणि पेपर घेऊन शहाण्यासारखा बसलो. बायको आत चहा टाकत होती. तिला मी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

बाबा आले. नवा चष्मा डोळ्यांवर होता. खुर्चीत बसले, डोळे मिटले, हेडफोन कानावर चढवला आणि विंचू चावल्यासारखा उपसून काढला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पेपर खाली केला. माझा राग कुठे गेला ते मलाच कळेना.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं दुरुस्त करायला, जावईबापू?"

तिकडे जाताना नीट असावी म्हणून, असं मी काहीतरी पुटपुटलो. नऊ महिने सांगितलं का नाही, हेही विचारलं, पण विचारताना मान वर झाली नाही. बाबा म्हणाले, बंद पडली त्या दिवशी सांगायलाच उठणार होतो. तेवढ्यात तुम्ही दोघं चहा घेऊन इथे बसलात, तासभर बसलात. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही तुम्ही बसलात. तिने ऑफिसातलं सगळं सांगितलं. मला कुठे ठाऊक होतं ती तिथे काय करते ते.

नकलेबद्दल ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डबी हातात घेतली, नव्या चष्म्यातून खालून वरून पाहिली आणि आवाज एकदम खाली आणून मला विचारलं,

"रविवारच्या आत परत बिघडवता येईल का हो ही? थोरल्याकडे चार माणसं आहेत. मी बसलो की तीही उठतात."

मी डबीकडे पाहिलं. एक टाका चिमट्याने ओढला की काम झालं असतं, हे मला कळत होतं, आणि तसलं काम मी आयुष्यात करणार नाही हेही कळत होतं.

बायको दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिने सगळं ऐकलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं. पदार्थ करपल्यावर माणूस जसा नुसता भांड्याकडे बघतो, तशी ती बाबांकडे बघत होती. मग म्हणाली,

"बाबा, तुम्हाला पाठवायचं आम्ही तुमच्यासमोर ठरवलं. तेव्हा तरी बोलायचं होतं ना."

"बोललो असतो तर तुम्ही उठून गेला असतात," बाबा म्हणाले.

आत गॅसवर चहा उतू जात होता, त्याचा वास येत होता, पण आमच्यापैकी कोणी उठलं नाही. बायको त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. हेडफोन त्यांच्या मांडीवर पडला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हणून मान हलवली, आणि तिने तिथेच बसून, बाबांच्या समोर, दादाला रविवारी येऊ नको म्हणून सांगायला फोन लावला.