टोळीचं माप

ग्यानोबा गुरुजी बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. माझं म्हणणं असं की त्यांचं ते काम अजून संपलेलंच नाही. तलाव भरला, हे डी.एड. झाले, निलंग्याजवळच्या आमच्या शाळेत आले. तरी चौथीचा वर्ग त्यांनी टोळ्यांतच वाटला. सहा पोरांची एक टोळी. गणित टोळीनं सोडवायचं, मार्क टोळीला.

"तिथं टोळीचं खोदकाम एकत्रच मोजायचे, हेडमास्तर," ते मला ऐकवत. "एखादी बाई आजारी असली तर बाकीचे तिच्या वाट्याचं खोदायचे. कुणाची चूल बंद पडली न्हाई."

काम सुटल्यावर लेकरांना सुकडी वाटायलाही हा माणूस फुकट उभा राहायचा. कुणी मागं राहिलेलं त्यांना तेव्हापासून बघवत नाही. मन मोठं, त्यात वाद नाही. पण खडूचा तुकडाही सहा जणांत वाटायचा म्हणजे जरा अतीच.

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावानं पेढे वाटले. मी नाही वाटले. उस्मानाबादचे साहेब तपासणीला वर्षातून एकदा यायचे. लातूरचे सकाळी निघून दहाला दारात! तसेच एके दिवशी नवे शिक्षणाधिकारी आले. गुरुजी तीन वर्षं हंगामी होते. साहेबांचा शेरा चांगला पडला तरच ते कायम होणार होते.

चौथीनं पटापट उत्तरं दिली. साहेब खूश झाले, शेरेबुक मागवलं, पेन उघडलं. मग सहज म्हणून शेवटच्या रांगेतल्या कावेरीला फळ्याकडं बोलावलं आणि चौऱ्याऐंशी भागिले सहा घातलं.

कावेरीनं खडू उचलला, तोच तिची टोळी उठली. चंद्रप्पानं तिच्या हातातून खडू घेतला, उत्तर लिहिलं आणि खडू परत तिच्या हातात दिला. "झालं, साहेब."

"हे काय?"

"हिच्या वाट्याचं आम्हीच करायलाव की. वर्षभर!" चंद्रप्पा छाती काढून म्हणाला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी घाईनं म्हणालो, "साहेब, पोरीला जरा ताप..."

"ताप न्हाई," गुरुजींनी माझं बोलणं तोडलं. ते कावेरीपुढं उकिडवे बसले. "तुला येत न्हाई का गं?"

"येतंय की, गुरुजी. जरा येळ लागतो," ती खाली बघत म्हणाली. "पर मला कुणी करूच देत न्हाई."

गुरुजींचा चेहरा पार उतरला. मलाही वाईट वाटलं. त्यांनी फळा पुसला, पोरांना बसवलं आणि पुन्हा तेच गणित घातलं. "साहेब, आधी हिचं होऊ द्या."

साहेब पाच मिनिटं थांबले. पोरगी बोटं मोजत होती, चुकत होती, पुसत होती. शेवटी साहेबांनी घड्याळ बघितलं, दोन ओळी लिहिल्या आणि जीपमध्ये बसून गेले.

मी शेरेबुक उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. "ग्यानोबा, अहो कायम नाही केलं! 'शिक्षक अजून शिकत आहेत, आणखी एक वर्ष हंगामी' असं लिहिलंय! ऐकताय ना?"

गुरुजींनी मागं वळूनही बघितलं नाही.

"हळू बोला, हेडमास्तर," ते म्हणाले. "पोरगी मोजायलीय."