हिरवा ठिपका

नकाशेवाल्या ताईने समुद्रतळाचा नकाशा जवळजवळ सगळा लाल रंगवला. ट्रॉलरवाल्यांनी जाळी ओढून ओढून तळ पार खरवडून काढला होता, दुसरं काय करणार! फक्त एका जागी प्रवाळ शाबूत होतं. तिथे तिने हौसेने हिरवा ठिपका दिला आणि नकाशा बंदरावरच्या फलकावर लावला. म्हटलं, मेल्यांना जरा लाज वाटेल.

महिन्याभराने तिचा ट्रॉलरवाला धाकटा भाऊ मासळीची भलीमोठी पिशवी घेऊन दारात उभा.

"ताई, तुझ्या नकाशाने डोळे उघडले बघ!"

ताईला अगदी भरून आलं.

"इतकी वर्षं त्या लाल भागात उगाच डिझेल जाळलं. हिरव्यात गेलो आणि बोट शिगोशीग भरली! आता तिथे काही उरलं नाही म्हणा. पुढचा हिरवा ठिपका कधी काढतेस?"