दोन पाटांची गिटार

आमच्या घरात नवऱ्याला हाक मारायची एकच रीत होती. ‘अहो, ऐकलंत का?’ नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. मी स्वयंपाकघरातून ‘ऐकलंत का?’ म्हणायची आणि हे घरात कुठेही असले तरी ‘ऐकतोय, बोल’ म्हणायचे. लग्नानंतर बारा वर्षं असं चाललं. मग मी ती हाक बंद केली. ‘चहा झालाय’ असं भिंतीला सांगायचं. ज्याला प्यायचा तो येऊन पिईल.

कारण होतं माझी सतार. मध्यभारत राज्य झाल्यापासून सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. ह्यांची नोकरी मोजणी खात्यात, नकाशे काढायची, म्हणून निम्मं वर्ष हेही ग्वाल्हेरला. ते तिकडे असताना स्टोव्हचा भडका उडाला आणि माझा डावा हात भाजला. बोटं वाचली, पण काठ्यांसारखी ताठ झाली. पडद्यावर तार दाबणं संपलं. महिनाभराने इस्पितळातून घरी आले तर कोपऱ्यात सतार नव्हती. बातमी कळताच परत आलेल्या ह्यांनी ती माझ्या शिष्येला, प्रेमलताला, देऊन टाकली होती. ती लग्न होऊन बेटम्याला चालली होती, तिच्याबरोबर सतारही गेली.

“रोज डोळ्यांसमोर नको म्हटलं,” एवढंच ते म्हणाले.

मला विचारायचं तरी! प्रेमलतावर माझा राग नव्हता. पण ज्या माणसाला बायकोची सतार म्हणजे अडगळ वाटली, त्याला मी कशाला हाक मारू? त्यात भर म्हणजे हे माझ्या हाताकडे बघतही नसत. ताट वाढताना हात पुढे आला की नजर आमटीत. मला ते फार लागायचं.

चार वर्षं अशी गेली. पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात कचेरी इंदूरला परतली आणि ह्यांनी मागच्या पडवीत सुतारकाम मांडलं. रंधा, करवत, पटाशी ही हत्यारं त्यांच्याकडे होतीच. रविवारी खुर्च्यांचे पाय दुरुस्त करणं ही त्यांची हौस. या वेळी मात्र नकाशाच्या मागे काहीतरी लांबुळकं आखलेलं होतं.

“हवाईयन गिटार,” ते म्हणाले.

“विमानात वाजवतात का?”

“अगं, तशी हवाई नाही. एका बेटाचं नाव आहे ते. ग्वाल्हेरला एकाची ऐकली. मांडीवर आडवी ठेवतात. बोटांनी दाबायचं कामच नाही, लोखंडी कांब तारेवरून सरकवायची. समझी?”

समजलं की. म्हणूनच तर डोकं तापलं. सतार घालवली आणि आता लाकडाचं खेळणं देऊन समजूत घालणार!

“मला नको,” मी भिंतीला म्हणाले.

ह्यांनी ऐकलं नाही. पोकळ गिटार करायची तर पातळ फळ्या वाकवाव्या लागतात, ते ह्यांच्या हातातलं नव्हतं. म्हणून बिजलीची, भरीव लाकडाची. तिचा आवाज रेडिओतून निघणार. ती बाजू आमच्या गल्लीतल्या नंदू रेडिओवाल्याने उचलली.

“भाभीजी, हे टेलिफोनच्या कानातलं चुंबक,” तो मला डबी दाखवत म्हणाला. “वर बारीक तार लपेटली, बस. गिटारची तार हलली की रेडिओ बोलणार. शरदभियांचा दिमाग एकदम बढिया आहे!”

साऱ्या गल्लीचे ‘भिया’ म्हणजे आमचे हे. “भियांनाच वाजवायला सांगा,” मी म्हणाले.

अडलं ते लाकडावर. वखारीतून आणलेली सागाची फळी पंधरा दिवसांत वाकली. ओलं लाकूड तारांचा ताण सोसत नाही. हे दुसरी फळी आणायला गेले, तीही तशीच. मग एका दुपारी मी पानं मांडली आणि बघते तर ह्यांच्या जागी पाट नाही, पोतं.

लग्नात आम्ही ज्यांवर बसलो, ते दोन पाट माझ्या वडिलांनी करून दिले होते. जुना साग, कोपऱ्यांना पितळी फुलं. सोळा वर्षं आम्ही त्यांवरच जेवायला बसत होतो.

“पाट कुठे आहे?”

“कापला,” ते म्हणाले. “माझाच कापला. तुझा नाही.”

मी तावातावाने पडवीत गेले. पाटाची लांब पट्टी काढून नीट रंधली होती. शेजारी नकाशा होता. पट्टी वीतभर कमी पडत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजणाऱ्या माणसाने कापण्याआधी घरचा पाट मोजला नव्हता! हसू येणार होतं, तेवढ्यात फडक्यावर ठेवलेली कांब दिसली. कापडगिरणीतल्या चातीचा, सूत कातायच्या लोखंडी दांडीचा, तुकडा, आरशासारखा घासलेला, वर लाकडी मूठ.

मूठ विचित्र होती, एका बाजूला खोलगट, दुसरीकडे फुगीर. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी ती डाव्या हातात घेतली.

बसली. करंगळी जिथे वाकत नाही तिथे टेकू होता, अंगठा जेवढा वळतो तेवढीच खोबण. माझं कातडं जिथे अजून दुखतं तिथलं लाकूड काढून टाकलेलं. चार वर्षं हा माणूस माझ्या हाताकडे बघत नाही म्हणून मी जळत होते. बघितल्याशिवाय अशी मूठ होत नाही. मी तिथेच पायरीवर बसून रडले.

मग आत गेले, माझा पाट उचलला आणि त्यांच्यासमोर ठेवला. त्यांचं जेवण अर्धंच झालं होतं.

“हा पण कापा. आणि या वेळी आधी मोजा.”

ते उठले, हात धुतले. चूळ भरायचीही विसरले.

दोन्ही पट्ट्यांना खाचा पाडून त्यांनी त्या एकमेकींत बसवल्या. सरसाचा वास आठवडाभर घरात होता. माझ्या पाटाचं एक पितळी फूल त्यांनी खुंट्यांजवळ तसंच ठेवलं. जेवायला आम्ही दोघं चटईवर बसू लागलो.

एका रविवारी सकाळी नंदूने वायर रेडिओच्या मागे खोचली. रेडिओ आधी घोंघावला, मग असा किंचाळला की शेजारच्या जनाबाई दारात आल्या. नंदूने बटण फिरवून त्याला गप्प केलं आणि तो निघून गेला. हे पडवीत जाऊन उगाचच रंधा पुसत बसले, माझ्याकडे पाठ करून.

मी गिटार मांडीवर घेतली. उजव्या हाताने तार छेडली, डाव्याने कांब ठेवली. पहिला सूर बेसूर. दुसराही. उठावंसं वाटलं. मग कांब हळूच सरकवली आणि षड्जावरून निघालेला आवाज न तुटता गंधारापर्यंत गेला. मींड. माझी मींड. ती भरीव, मोठी, रेडिओतून साऱ्या घरात भरली.

पडवीतलं पुसणं थांबलं होतं.

“अहो,” मी म्हणाले, “ऐकलंत का?”

“ऐकतोय,” ते म्हणाले. नेहमी पुढे ‘बोल’ म्हणायचे. त्या दिवशी ते त्यांना जमलं नाही.