जहाजाची वेळ

ॲप पुन्हा मिटलं. हिरवा गोल थोडा वेळ फिरला, पडदा पांढराफटक झाला आणि काही घडलंच नाही अशा थाटात फोन पहिल्या पानावर येऊन बसला. रत्नाने तो सोफ्यावर भिरकावला. समोर हिंदीच्या ट्यूशनला बसलेल्या दोन मुली वहीतून मान वर करून बघायला लागल्या.

"लिंग ओळखा म्हटलंय ना? माझ्या तोंडाकडे काय बघताय?" ती त्यांच्यावरच खेकसली आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

तन्वी खोलीतून बाहेर आली. इथे सिंगापुरात कॉलेजात जाणारी लेक, कानात कायम इअरफोन आणि वाक्यामागे इथल्या लोकांसारखं 'लाह'.

"आई, रीइन्स्टॉल कर ना. सो सिंपल, लाह."

"केलं."

"देन रीस्टार्ट."

"तेही केलं. अपडेट केलं, फोटो काढून जागा केली. आता आरती ओवाळायची तेवढी राहिलीय."

तन्वी खांदे उडवून परत गेली. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे शामकांत होता. तेलवाहू जहाजावरचा चीफ इंजिनिअर, सध्या ब्राझीलच्या वाटेवर. 'हॅलो' नाही, 'कशी आहेस' नाही.

"उघडलं का?"

"नाही. उघडतं आणि मिटतं."

"अगं, शाळकरी पोरं चालवतात ते ॲप! तो क्रिप्टो कॉइन आणखी घसरलाय. कंपनीनं जहाजाच्या नेटवर हे सगळं बंद करून ठेवलंय, नाहीतर तुझ्या विनवण्या केल्या नसत्या मी."

"ह्याला विनवण्या म्हणतात होय?"

"हे बघ, मी जातो खाली इंजिनरूममध्ये. तू ते विकून टाक. काहीही कर, पण आज विक."

फोन बंद. रत्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे किती हाकायच्या! मुळात ते पैसे कॉइनमध्ये घालायला तिने सांगितलं नव्हतं. ते पैसे होते शामकांतच्या घरी येण्याचे. ही शेवटची खेप, मग जहाज सोडायचं, बंदरावर एखादी किनाऱ्यावरची नोकरी मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर त्या पैशांवर भागवायचं असं ठरलं होतं. लग्न झाल्यापासून ती त्या 'मग'ची वाट बघत होती. गेल्या सुट्टीत कुणा थर्ड इंजिनिअरच्या नादाने त्याने सगळे पैसे उचलून त्या ॲपमध्ये घातले. तिच्या नावाने खातं उघडलं, तिच्याच फोनवर. हातचं सोडून पळत्याच्या पाठी. आणि विमानतळावर जाताना तिला सांगितलं, "तू फक्त मी सांगेन तेव्हा बटण दाबायचं."

तसं बाकी बाबतीत शामकांतला बायकोचं भारी कौतुक. जहाजावरच्या मेसमध्ये तो सगळ्यांना सांगायचा, "आमची तार जुळलेली आहे. मी चहाचा कप हातात घेतो आणि हिचा फोन येतो. कधी झोपेतून उठवलं नाही, कधी कामात गाठलं नाही. जहाज कुठल्याही समुद्रात असू दे." हे त्याने तिलाही पुष्कळदा ऐकवलं होतं. ती हसायची. तेव्हा तिला ते गोड वाटायचं.

ॲपवाल्यांच्या मदतकक्षात तिने परत लिहिलं. परत तेच उत्तर आलं, प्रिय ग्राहक, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया ॲप बंद करून पुन्हा उघडावं. प्रिय ग्राहक! ह्यांच्या प्रेमाला काय जाळायचंय?

शेवटी तिने रुचिरला गाठलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माइकची व्यवस्था बघणारा मुलगा, वन-नॉर्थच्या टेक पार्कमध्ये एका कंपनीत ॲपच बनवायचा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने तिला जवळच्याच बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, बोलावलं. इथल्या रिवाजाप्रमाणे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून त्याने जागा अडवली होती. तिच्यासाठी कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, आणली, स्वतःची नूडल्सची ताटली बाजूला सारली.

"काकू, आधी एकदा अनइन्स्टॉल करून..."

"रुचिर, ते म्हणालास तर ही कोपी तुझ्या डोक्यावर ओतीन."

तो हसला. फोन हातात घेतला, इकडेतिकडे बोटं फिरवली. ॲप उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं, मिटलं. मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"काकू, तुमच्या फोनमध्ये रात्रीचे तीन वाजलेत."

रत्नाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दुपारचा एक.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"बरोबर कसं? अहो, हेच तर कारण आहे! आत शिरताना ॲप तुमची वेळ आणि त्यांची वेळ ताडून बघतं. दोन्ही जुळल्या नाहीत तर सुरक्षेसाठी आत घेत नाही. तसं सरळ सांगायचं सोडून हे गाढव नुसतं मिटतंय. फोनचं घड्याळ चुकलंय तुमच्या."

"चुकलेलं नाही. मी लावलंय."

रुचिरला काही कळेना. कळणार तरी कसं? जहाज पश्चिमेला निघालं की दर थोड्या दिवसांनी घड्याळं एक तास मागे करतात, पूर्वेला निघालं की पुढे. "आज एक तास जास्त झोपायला मिळणार," असं शामकांत फोनवर सहज बोलून जायचा. तेवढं ऐकून रत्ना आपल्या घड्याळाचे काटे मागे करायची. पूर्वी डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर असे. सासूबाई वैतागत, कुकर लावायला म्हणून मान वर करावी तर भलतीच वेळ. पुढे मोबाइल आला, सिंगापूर आलं, तेव्हापासून फोन जहाजाच्या वेळेवर आणि मनगटावरचं घड्याळ सिंगापूरच्या. फोन बघायचा तो नवरा आत्ता झोपलाय की जागा, जेवतोय की इंजिनच्या धगीत उभा आहे हे कळायला. व्हॉट्सॲप मधूनमधून कुरकुरायचं, तिकडे ती लक्ष द्यायची नाही. घरात ह्याची इतकी सवय झाली होती की तन्वीलाही तो फोन बघून काही खटकलं नव्हतं.

"ऑटोमॅटिकवर टाकू?" रुचिरने विचारलं. "विकून झालं की हवं तर परत मागे करा."

"दे. मी करते."

बटणावर बोट नेऊन ती थांबली. पलीकडच्या स्टॉलवर कुणीतरी कढईत पळी आपटत होतं. तिला वाटलं, एका माणसाला झोपेतून उठवू नये म्हणून आपण एवढी वर्षं दुसऱ्याच समुद्रावर काढली, आणि त्या माणसाने आपल्याला न विचारता आपलं वाट बघणंच पणाला लावून टाकलं. राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. तिने बटण दाबलं. रात्रीचे तीन गेले, दुपारचा एक आला.

ॲप निमूटपणे उघडलं.

आत जे उरलं होतं ते निम्म्याहूनही कमी होतं. रुचिरने तो आकडा पाहिला. मग हळूच म्हणाला, "काकू, काकांना विचारायचं का आधी?"

"ते झोपलेत," ती म्हणाली आणि सगळं विकून टाकलं. मग किती आले तेवढा आकडा त्याला मेसेजने पाठवला.

संध्याकाळी घरी येऊन तिने चहा टाकला, फोन उचलला, घड्याळ परत मागे करायला म्हणून सेटिंग उघडली. तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"विकलंस? ह्या भावाला? अगं, मला विचारायचं तरी!"

"काल म्हणालात ना, काहीही कर पण विक?"

"काल! काल आणि आज ह्यात फरक असतो, रत्ना. रात्रीतून चढलाय तो. एक दिवस कळ काढायला काय झालं होतं तुला?"

"मला कळ काढायला सांगताय तुम्ही?" तिचा आवाज चढला. तन्वीने दार उघडून डोकावलं. "मला?"

पलीकडे तो जरा वरमला. मग कामाच्या सुरात म्हणाला, "जाऊ दे. आता आणखी एक कॉन्ट्रॅक्ट करावं लागणार. एक काय, दोन. पण झालं काय होतं त्या फोनला?"

"घड्याळ."

"म्हणजे?"

"फोनचं घड्याळ जुळत नव्हतं."

शामकांत मोठ्याने हसला. "कमाल आहे! एवढ्यासाठी माझे पैसे बुडाले? फोनचं घड्याळ चुकीचं ठेवणारी सबंध सिंगापुरात तू एकटीच असशील!"

"चुकीचं नव्हतं ते," रत्ना म्हणाली. "तुमच्या जहाजाची वेळ होती ती. लग्न झाल्यापासून लावत आलेय. कधी झोपता, कधी उठता, चहाचा कप कधी हातात घेता, ते बघून फोन करत होते मी. तार नव्हती हो जुळलेली कुठली."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शामकांत घसा खाकरून म्हणाला, "आज रात्री... आज रात्री घड्याळ एक तास मागे जाणार आहे इथे."

हे त्याने आजवर तिला मुद्दाम असं कधी सांगितलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती उघडी सेटिंग तिच्यासमोर तशीच होती. ती तिने वेळ न बदलताच बंद केली. चहा उतू गेला होता, तो पुसला. मनगटावरचं घड्याळ काढून तन्वीच्या टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुली ट्यूशनला यायला अवकाश होता. वांग्याची भाजी झाली होती, घर शांत होतं. रत्नाने पाय वर घेऊन शामकांतला फोन लावला. पुष्कळ वेळ वाजल्यावर तो उचलला गेला. आवाज घाबरलेला, झोपेने जड झालेला.

"रत्ना? काय झालं? तन्वी बरी आहे ना? अगं, रात्र आहे इथे!"

"असेल," ती म्हणाली. "इथे दुपार आहे."

आणि आज भाजी कशी झाली ते ती त्याला सावकाश सांगायला लागली.