मौनाचा पाचवा दिवस

"खुटा नीट ठोकला आसता तर बैल सुटलाच नसता!"

अकरा दिवस झाले, रामहरीचं हेच चाललं होतं. सकाळी चहाच्या आधी एकदा, जेवताना एकदा, रात्री आडवं व्हायच्या आधी एकदा. बायको मनकर्णाबाई चुलीपुढं बसून काड्या मोडत होती.

"ठोकला हुता की."

"ठोकला हुता तर निघाला कसा? भूत आलतं का उपटायला?"

"मला काय म्हाईत."

"तुला काय म्हाईत! हातात दगड धरायचा तर मनगटात जीव न्हाई. माझा सोन्यावानी बैल गेला अन् ही मनती मला काय म्हाईत!"

मधली भिंत कंबरेएवढी. पलीकडं भुजंग शेणाची पाटी उचलायला वाकला होता, तो तसाच वाकून राहिला.

"आवो," दैवशाला, त्याची बायको, म्हणाली, "पाटीला काय मंतर घालायलाव का? उचला की."

भुजंगनं पाटी उचलली. चार पावलं गेला. पुन्हा खाली ठेवली.

*

हे असं मधूनच सांगून कळायचं नाही. थोडं मागं जातो.

वालूरच्या अलीकडं आमचं गाव. भुजंग आणि रामहरी शेजारी. रामहरी चार वर्षांनी थोरला. दोघांकडं चार-चार एकर आणि एकेकच बैल. भुजंगचा चिमण्या, रामहरीचा हौशा. दोघांचे बैल मिळून एक जोडी, दोन दिवस याच्या रानात, दोन दिवस त्याच्या. याला सावड म्हणतात. गावात आता ट्रॅक्टर झाले, सावडी मोडल्या. ही एकच राहिली होती. सात वर्षं चिमण्या डाव्या अंगाला, हौशा उजव्या. बाजू बदलली तर दोघंही जागचे हलायचे नाहीत.

एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

*

श्रावणात सप्ता बसला. बाहेरगावचे महाराज कीर्तनात म्हणाले, "दिवसभर आपण दुसऱ्याशी बोलतो. स्वतःशी कधी बोलतो? सात दिवस जीभ आवरा. आत कोण आहे ते दिसेल."

भुजंगला ते लागलं. का लागलं ते त्यानं मला नंतर सांगितलं. तो थकला होता. कामानं नाही, काम तर जन्माचंच आहे. तो म्हणाला, "सकाळी उठलं की तेच तोंड आन् तेच बोलनं. पानी आलं का, लाईट गेली का, सोयाबीनवर काय पडलं. वाटायचं, ह्या सगळ्याच्या खाली आपुन कुठंतरी आसल. बगावं तरी एकदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं देवळात नारळ फोडला आणि तोंड मिटलं.

पहिला दिवस लोकांनी चेष्टेत घालवला. "भुजंग गप बसला तर पुन्य दैवशालाला लागतंय!" दुसऱ्या दिवशी चेष्टा संपली. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं त्याच्या पायाला हात लावला. चौथ्या दिवशी कीर्तनात महाराजांनी त्याचं नाव घेतलं. सगळा मांडव मागं वळून बघायला लागला.

आणि मग पाचवा.

*

पावसानं अठरा दिवसांची ओढ दिलेली. काळ्या रानाला अशा भेगा, की विळा पडला तर हाताला यायचा नाही. भुजंग नाल्याच्या अल्याड सोयाबीनवर फवारत होता. पाठीवर पंप. पल्याड रामहरीचं रान. रामहरी वालूरला औषध आणायला गेलेला. मनकर्णाबाई खाली मान घालून खुरपत होती. लिंबाखाली हौशा बांधलेला.

लिंबापासून वीस पावलांवर कडवळ होतं, चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी. गुडघ्याएवढं, पाण्यावाचून पिवळं पडलेलं. अशा ताणातल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं. जनावरानं चार घास खाल्ले तरी किरळ लागते, आणि किरळ लागलेलं जनावर क्वचितच उठतं. आमच्याकडं हे लेकरालाही माहीत आहे.

हौशानं मान झटकली. भेगा पडून भुसभुशीत झालेल्या मातीतून खुटा निघाला. दावं ओढत बैल कडवळाकडं चालला.

भुजंगनं बघितलं.

*

त्यानं ओरडायचं होतं ते एवढंच:

वैनी, हौशा कडवळात गेला.

चार शब्द. हाकेच्या अंतरावर.

*

त्यानं टाळ्या वाजवल्या. वारं उलटं होतं. टॉवेल हलवला. मनकर्णाबाईची मान खाली. त्यानं तोंड उघडलं. पण हाक मारली नाही. आता बघतील वैनी. आता मान वर करतील. त्याला वाटलं, दोनच दिवस राहिलेत.

मग त्यानं पंप काढून फेकला आणि नाल्यात उतरला. वर चढून बांधावर येईपर्यंत हौशाचे पुढचे पाय मुडपले होते.

मनकर्णाबाईनं गूळपाणी पाजलं. गोळा झालेल्या पोरांनी फोन केले. डॉक्टर येईपर्यंत बैलाचं पोट फुगून डोळे थिजले होते. दुपारी जेसीबीनं खड्डा केला. रामहरी खड्ड्याच्या काठावर बसून होता. भुजंग त्याच्या शेजारी बसला. मौन होतं म्हणून बोलला नाही. लोक म्हणाले, एवढं झालं तरी बाबानं व्रत मोडलं न्हाई.

रामहरीनं दुसऱ्या दिवशी सगळं कडवळ कापून उकिरड्यावर टाकलं.

सातव्या दिवशी काल्याला भुजंगच्या गळ्यात हार पडला.

*

आता परत अकराव्या दिवशी येऊ. शेणाची पाटी अजून तिथंच आहे.

दुपारी मनकर्णाबाई हापशावर होती. भुजंग घागर घेऊन मागं उभा राहिला. तिसरं कुणी नव्हतं. ऊन असं, की हापशाच्या दांड्याला फडकं गुंडाळावं लागायचं.

"वैनी."

"बोला भावजी. आता बोलायला मोकळे हाव तुमी."

तिनं मागं न बघता म्हटलं. भुजंगनं घागर खाली ठेवली.

"खुट्याचं... तुमी दादाला काईच कामून बोलत न्हाईत?"

"काय बोलू?"

"तुमचा दोष न्हाई मनून."

"मग कुनाचा हाय?"

हापसा करकरत राहिला. पाणी बारीक येत होतं.

"म्या मान वर केली तव्हा हौशा खाली पडलेला," मनकर्णाबाई म्हणाली. "अन् तुमी बांदावर. हातात टावेल. तोंड उगडं."

"तुमी... बघितलं?"

"बघितलं की. डोळे काय गहान न्हाईत माजे."

"मग दादाला का सांगितलं न्हाई?"

"सांगून काय करू? दोगं एकमेकाच्या उरावर बसले आसतेत. बैल गेला ते गेला, सावडबी गेली आसती. माज्यावर आलं तर घरातल्या घरात तरी ऱ्हातंय. माजं काय, मला ऐकून घ्यायची सवं हाय." तिनं पदरानं घाम पुसला. "तुमी सांगताल मनून वाट बघायलेव मी. अकरा दिस झाले."

भुजंग तिथंच मातीत बसला.

"एक इचारू का, भावजी? रागाला येऊ नका."

"इचारा."

"सात दिसांत काय घावलं तुमाला? आत कोन हाय मनून?"

"काई न्हाई."

"मग पाचव्या दिसाला मोडलं आसतं, तर काय गेलं आसतं?"

देव रागावला असता, असं म्हणायला भुजंगनं तोंड उघडलं, आणि ते खोटं आहे हे त्याचं त्यालाच कळलं. देवाचा विचार त्या घडीला मनात आलाच नव्हता. मनात मांडव होता. मागं वळलेल्या माना होत्या.

"हार गेला आसता, वैनी."

मनकर्णाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. राग नव्हता. फार दिवस झोप न झालेल्या बाईची नजर होती.

"घावलं की मग," ती म्हणाली आणि कळशी डोक्यावर घेऊन निघाली.

*

दुसऱ्या दिवशी पोळा. म्हणजे त्याच सांजेला खांदमळणी. हळद आणि लोणी घेऊन बैलाचा खांदा चोळायचा, जू घासून घासून घट्टे पडलेला तो भाग मऊ करायचा आणि त्याच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. सात वर्षं दोघं मिळून चोळायचे. भुजंग हौशाचा खांदा, रामहरी चिमण्याचा. आपला बैल आपण चोळायचा नाही, हा त्यांचा त्यांनीच पाडलेला रिवाज.

रामहरी येईल असं वाटत नव्हतं. आला. हातात लोण्याची वाटी. मागं मनकर्णाबाई दिवा घेऊन.

"हात रिकामे बसनात," तो म्हणाला. "चिमण्याचं तरी करतो."

तो चोळायला लागला. चिमण्यानं उजवीकडं मान वळवून रिकामी जागा हुंगली.

"दादा," भुजंग म्हणाला.

"हां."

"म्या बघितलं हुतं."

"काय?"

"हौशाला कडवळात जाताना. खुटा निघाला तव्हापसून. म्या नाल्याच्या अल्याड हुतो. हाक मारली आसती तर वैनीला ऐकू गेली आसती. मारली न्हाई."

रामहरीचा हात चालूच होता. खांद्यावर, गोल गोल.

"मौन हुतं मनून?"

"मनायला मौन. खरं तर हारासाठी."

दैवशालानं दारातून "आगं बाई" म्हटलं आणि तोंडावर पदर धरला.

हात थांबला नाही. रामहरीनं डावा खांदा पुरा केला, उजवा पुरा केला, बैलाच्या कानाशी वाकून आवतण दिलं. मग वाटी उचलली. वाटलं, आता फेकून मारतो. त्यानं ती नीट दैवशालाच्या हातात दिली.

"तुला मी भाऊ समजायचो रं," एवढंच म्हणाला. मनकर्णाबाईजवळ जाऊन थांबला. दिवा तिच्या हातातून घेतला आणि पुढं चालायला लागला.

*

पोळा झाला. रामहरी बोलला नाही.

पाऊस आला. बोलला नाही.

भुजंगनं हार खुंटीवरून काढून उकिरड्यावर टाकला. दैवशाला म्हणाली, "सांगून काय भेटलं? शेजार गेला." पण भुजंगला रात्री झोप यायला लागली होती, आणि भिंतीपलीकडचं खुट्याचं बोलणं बंद झालं होतं. एवढं त्याला कळत होतं. बाकी काही कळलं असं त्यानं मला कधी सांगितलं नाही.

*

पोळ्यानंतर पंधरा-वीस दिवसांची गोष्ट. दुपार. भुजंग रानात पाणंदीच्या कडंला गवत कापत होता. चिमण्या बांधावर बांधलेला. पल्याड रामहरी आणि मनकर्णाबाई खुरपायला. रोजचंच झालेलं. दोन रानं, मधी नाला, कुणी कुणाकडं बघायचं नाही.

पल्याड कापलेल्या कडवळाच्या बुडख्यांना पावसानं फुटवे आले होते. हिरवेगार, वीतभर. फुटव्यात विष आणखी जास्त.

"भुजंगा! तुजा बैल सुटला रं! फुटव्याकडं चाललाय! पळ, मुडद्या, पळ!"

भुजंगनं विळा टाकला आणि धावला. नाला, चिखल, बांध. रामहरी पुढून आडवा आला, दोन्ही हात पसरून, ओरडत. चिमण्या फुटव्यापासून पाच-सहा पावलांवर थबकला. भुजंगनं दावं धरलं. दोघं धापा टाकत होते.

रामहरीनं ओरडायला एक क्षणही लावला नव्हता. विचार करायलाही नाही. भुजंगला ते बघून रडायला आलं, पण दम लागला होता, रडणंही धड जमेना.

"दादा..."

"गप," रामहरी म्हणाला. "बोलायचं नाव काडू नको. बैल घेऊन जा. अन् खुटा नीट ठोक."

म्हणून झालं आणि तो स्वतःच थांबला. मागं वळून बायकोकडं बघितलं.

मनकर्णाबाई खुरपतच होती. मान वर न करता म्हणाली, "माती भुसभुशीत हाय. निघतोच. कुनाचाबी निघतो."

मग रामहरीनं वाकून बांधावरचा एक मोठा दगड उचलला, नाला उतरून भुजंगच्या रानात गेला, आणि चिमण्याचा निघालेला खुटा दोन्ही हातांनी ठोकायला लागला. भुजंगनं खालून खुटा धरून ठेवला.