मी सात आवाज शिकवले होते

मित्रांनो, मी खोटा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला तोंडावर खोटारडा म्हणायला नको. एकीने तसे म्हटले आहे, तेवढे मला जन्माला पुरले.

मी एक जुना, खोटा स्कॅनर आहे. स्लोव्हेनियातल्या मारिबोर शहरात, एका इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर मी तेरा वर्षे चाकरी केली. खरा स्कॅनर तळमजल्यावर असे. त्याच्या पोटात भले मोठे चुंबक, आणि तो माणसाच्या मेंदूची चित्रे काढी. माझ्या पोटात चुंबकही नाही आणि चित्रही नाही. मला मिर्को नावाच्या म्हाताऱ्याने बनवले. जन्मभर त्याने वाइनची पिंपे केली होती. त्याला खऱ्या स्कॅनरचे तोंड दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "हे तर आडवं पिंपच की. फक्त प्यायला काही नाही." त्याने ओकच्या फळ्या विस्तवावर शेकून वाकवल्या, पट्ट्यांनी आवळल्या आणि बाहेरून पांढरा रंग दिला. मग आत एक सरकता बाक आला, डोळ्यांसमोर आरसा, आरशात दिसणारा छोटा पडदा आणि डोक्याशी एक स्पीकर. आतून मला अजूनही ओकचा वास येतो. त्याचा मला अभिमान आहे, हसलात तरी चालेल.

माझे काम मुलांना सराव देण्याचे होते. खऱ्या स्कॅनरमध्ये अर्धा तास निश्चल पडावे लागते, आणि तो पडल्यापडल्या कानाशी ठोकाठोकी करतो. मोठ्या माणसांची गाळण उडते, तिथे चार वर्षांच्या पोराची काय कथा. म्हणून मुले आधी माझ्याकडे येत. मी खालचेच आवाज काढी, त्याच क्रमाने. पडद्यावर कार्टून लागे. डोके जरा हलले की कार्टून थांबे, स्थिर झाले की पुन्हा चालू होई. रागावणे नाही, ओरडणे नाही.

ही सगळी मुले स्वमग्न होती. डॉक्टर राडो नावाचे एक हुशार गृहस्थ त्यांचे मेंदू वाढतात कसे, ते पाहत होते. त्यासाठी एक चित्र काढून भागत नाही. तीच मुले चौथ्या, सातव्या, दहाव्या, तेराव्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा यायला हवीत. त्यांतल्याच नेझा नावाच्या मुलीची आई दारिंका पहिल्यांदा आली तेव्हा तिला हे पटकन कळले. "म्हणजे दाराच्या चौकटीवर उंचीच्या रेघा मारतो, तसं," ती म्हणाली.

माझ्या खोलीची बाई ब्रेडा. मुले तिला ब्रेडामावशी म्हणत. तिने दारिंकाला बाकीचे समजावले. काही स्वमग्न मुलांचा मेंदू पहिल्या काही वर्षांत भराभर वाढतो, मग वेग ओसरतो. काहींचा तसा वाढतच नाही. आत बदामाएवढा एक भाग आहे, भीतीशी त्याचे नाते आहे, तो काहींमध्ये लवकर मोठा होतो. आणि वयात येताना प्रत्येकाच्याच मेंदूत नको असलेले धागे गळतात. दारिंकाचा द्राक्षमळा होता. ती म्हणाली, छाटणीच ती, पण आमच्याकडे एका ओळीतल्या दोन वेलीसुद्धा सारख्या छाटत नाहीत. ब्रेडा म्हणाली की तेच तर पाहायचे आहे, प्रत्येक मुलाची छाटणी कशी होते ते.

आता नेझाविषयी सांगतो. चार वर्षांची नेझा खोलीत आली ती थेट माझ्याखाली जाऊन बसली. तिथे ती आठ दिवस बसली. बोले फार कमी, दिवसाला दोन-तीन शब्द. मला ती पिंप म्हणे. पांढरा रंग बघून कोणालाच ते कळले नव्हते, तिला वासावरून कळले. त्या वर्षी ती खालच्या स्कॅनरमध्ये हलली आणि चित्र धुक्यासारखे आले. पुढल्या खेपेस मात्र ती माझ्यात चाळीस वेळा झोपली. माझ्या सातही आवाजांना तिने नावे दिली होती: सुतारपक्षी, ट्रॅक्टर, शिवणयंत्र, मधमाशी, दाराची कडी, गारा आणि शेवटी आजोबांचा खोकला. खोकला संपला की तिला ठाऊक असे, आता बाक बाहेर सरकणार. ती हात छातीवर ठेवून वाट पाही.

आमच्याकडे घरात बूट चालत नाहीत. घरात, बालवाडीत, शाळेत, जिथे आपले म्हणून रोजचे जाणे आहे तिथे आपल्या नावाच्या कापडी सपाता असतात. पाहुण्याला मात्र पाहुण्यांच्या सपाता मिळतात, मोठ्या, कोणालाही येतील अशा. ब्रेडाने माझ्या दाराशी एक लाकडी मांडणी ठेवली होती. प्रत्येक मुलाचा एक कप्पा, त्यात त्याच्या सपाता. पाय वाढले की मुले नव्या आणत. नेझाच्या निळ्या होत्या.

आणि प्रत्येक मुलाला खाली पाठवताना ब्रेडा एकच वाक्य बोले: "इथं झालं तेवढंच तिथं होईल, एक आवाजसुद्धा जास्त नाही." माझी सगळी किंमत त्या वाक्यात होती, मित्रांनो. एरवी मी म्हणजे रिकामे पिंप.

सुरुवातीला चाळीस मुले होती. जी घडाघडा बोलत, त्यांची चित्रे बहुधा नीट येत. कमी बोलणारी हलत, आणि पुन्हा पुन्हा हलली की यादीतून गळत. तेराव्या वर्षापर्यंत कमी बोलणाऱ्यांतली एकटी नेझा उरली होती. तिच्यासारख्या मुलांचे मेंदू कसे वाढतात हे सांगणारी रेघ त्या अख्ख्या अभ्यासात एकच होती. डॉक्टर राडो तिला फुलासारखे जपत. दिसायला तरी जपत.

तेराव्या वर्षी ती उंच होऊन आली. एकदाच माझ्यात झोपली, सात आवाज ऐकले, मान हलवली नाही. ब्रेडाने वाक्य म्हटले. नेझा खाली गेली. मी निवांत होतो. पोर माझ्या हातची तयार झालेली होती.

खाली काय घडले ते मला तासाभराने कळले, कारण ब्रेडा आणि डॉक्टर माझ्यासमोरच भांडले. सात आवाज संपले, आजोबांचा खोकला झाला, आणि डॉक्टरांनी बाक बाहेर काढू दिला नाही. आणखी एक नवीन मोजणी सुरू करायला सांगितली. आठवा आवाज. चार मिनिटांचा.

"इतकी छान स्थिर पडली होती, म्हटलं घेऊन टाकू," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा असा दिवस कधी मिळायचा? आणि हललीसुद्धा नाही ती. इतकं स्वच्छ चित्र आजवर कुणाचंच आलं नाही, ब्रेडा."

"हलली नाही, कारण तिला वाटलं असेल, हललं तर हे कधीच थांबणार नाही," ब्रेडा म्हणाली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगायचे कोणाला? खालच्या मशीनला कोणी काही म्हणाले नाही, डॉक्टरांशी तर सगळ्यांनी हात मिळवला. शब्द माझ्या तोंडून गेला होता. त्यांनी माझ्याच आवाजाने त्या पोरीचा केसाने गळा कापला, आणि मला विचारलेसुद्धा नाही.

नेझा वर आली. रडली नाही. माझ्यात शिरून पडली आणि ब्रेडाला बोटाने खूण केली. ब्रेडाने मला चालू केले. सुतारपक्षी झाला, ट्रॅक्टर झाला, मी सगळे क्रमाने म्हटले. खोकला संपला. नेझा आणखी चार मिनिटे तशीच पडून राहिली, आठव्याची वाट पाहत. माझ्याकडे आठवा नव्हताच. मग ती उठली आणि माझ्या फळीवर तळहात ठेवून म्हणाली, "सात होते. पिंप खोटं."

जाताना तिने मांडणीतून निळ्या सपाता काढून पिशवीत घातल्या. आमच्याकडे याचा अर्थ लहान मुलालाही कळतो: आता ही जागा माझी नाही. दारिंका तिथेच उभी होती, ती ब्रेडाकडे बघेना.

तीन वर्षे गेली. तिचा कप्पा ब्रेडाने कोणाला दिला नाही. मला आठवा आवाज शिकवला, वरातीमागून घोडे. सोळाव्या वर्षाची वेळ आली तशी डॉक्टरांना घाई झाली. नेझाच्या रेघेवर तीन ठिपके होते. वयात आल्यावर ती कुठे वळते, हे चौथ्यावाचून कळणार नव्हते. दारिंकाला किती फोन केले, सणाला पोतित्सा, म्हणजे अक्रोडाचा गुंडाळलेला गोड पाव, पाठवला. अखेर निरोप आला की नेझा पिंपाला भेटायला येते म्हणते, पुढचे तिचे ती ठरवेल.

ती आली त्या सकाळी डॉक्टर ब्रेडाला दारातच म्हणाले, "तू तिला आठ सांग. पुढचं मी बघतो."

नेझाने पाहुण्यांच्या मोठ्या सपाता घातल्या आणि माझ्यात झोपली. मी आठही आवाज काढले. आठव्याला तिने नाव दिले नाही. तो संपल्यावर ती बराच वेळ पडून राहिली. मग तिने विचारले, "नववा?"

"माझ्या माहितीत नाही," ब्रेडा म्हणाली.

"नक्की?"

डॉक्टर माझ्यामागे, ब्रेडाला दिसतील असे उभे होते आणि मान हलवून हो म्हण, हो म्हण असे सुचवत होते. हो म्हणायला काय लागत होते? बारा वर्षे ती तेच म्हणत आली होती.

"मला माहीत नाही, नेझा," ब्रेडा म्हणाली. "खाली मी नसते. मागच्या वेळीही मला माहीत नव्हतं, पण मी माहीत असल्यासारखं सांगितलं."

"हे खरं," नेझा म्हणाली. मग तिने पिशवी उघडली, नव्या कोऱ्या निळ्या सपाता काढल्या आणि मांडणीत आपल्या कप्प्यात ठेवल्या. त्या तिने आणल्याच होत्या, फक्त उत्तर ऐकण्यासाठी थांबली होती. बूट चढवून ती आईबरोबर घरी गेली. खाली किती आवाज होतील ते कोणी सांगू शकत नव्हते, म्हणून खाली गेली नाही, नंतरही कधी नाही. मला ती जाताना काहीच बोलली नाही. ब्रेडाला तिने माफ केले असावे, मला केले की नाही, हे मला अजून कळलेले नाही.

डॉक्टर म्हणाले, दोन शब्दांसाठी तू बारा वर्षांचं काम घालवलंस. भिंतीवरच्या आलेखात नेझाची रेघ तिसऱ्या ठिपक्यापाशी थांबली. पुढची त्यांनी अंदाजाने तुटक काढली.

वर्षभरात अभ्यास संपला, ब्रेडा निवृत्त झाली. मला मिर्कोकडे परत द्यायचे कबूल केले होते. तेही कोणी पाळले नाही. आता मी तळघरात आहे, मोडक्या खुर्च्यांशेजारी, आणि माझ्या पुढ्यात ती मांडणी. डोक्यावरच्या छतातून खऱ्या स्कॅनरचे आवाज ऐकू येतात. मी ते मोजतो. हल्ली ते दहा असतात. मुलांना किती सांगितले असतील कोण जाणे.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी नेझा असेल. तिचा मेंदू तिच्या वाटेने वाढतो आहे, वाढू द्या. ती जे मोजते, ते बरोबर मोजते. तिला काही सांगाल तेव्हा जेवढे आहे तेवढेच सांगा, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. सपाता अजून कप्प्यात आहेत. एकोणचाळीस नंबरच्या, न घातलेल्या.