सिस्टर व्हर्लीनच्या बासची मान

मेम्फिसमधल्या माझ्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात सिस्टर व्हर्लीन आल्या, त्या दिराला दंडाला धरूनच. आमच्या चर्चमध्ये पन्नासहून जास्त वर्षं बास गिटार वाजवणाऱ्या या बाई आता एकोणऐंशीच्या आहेत.

"डेलफिन, हा ऑटिस म्हणतो माझा बास नकली आहे. रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना म्हणाला. तू उघड आणि याच्या तोंडावर काय ते सांग."

"नकली नाही म्हणालो, वहिनी. सगळा अस्सल नाही, एवढंच म्हणालो."

मी तारा उतरवल्या, पुढची प्लास्टिकची पट्टी काढली. तिच्याखालचा रंग अजून ताजा होता, उन्हानं विटलेला नव्हता. आतल्या वायरींच्या जोडांवरचं सोल्डर जुनं, मळकट. कुणी हात लावलेला नाही. सुट्या भागांवरच्या आकड्यांवरून साल निघालं त्रेसष्ट.

"अंग अस्सल आहे," मी म्हणाले. व्हर्लीननी दिराकडे पाहून भुवया उंचावल्या.

मग चार स्क्रू काढून मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, सोडवली. तिच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का हवा होता. तिथं पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'व्हर्ली, रागावू नकोस. लीलंड. ऑगस्ट १९७१.'

लीलंड म्हणजे त्यांचे यजमान. फर्निचरच्या कारखान्यात सुतार होते; त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

"त्या ऑगस्टमध्ये मी बहिणीच्या बाळंतपणाला टुपेलोला होते," व्हर्लीन हळूच म्हणाल्या.

ऑटिसनं टोपी काढली. "ट्रक मागं घेताना मीच बासवर चढवला, वहिनी. मान मोडली. दादानं पंधरा दिवस खपून नवी केली, मला शपथ घातली. रविवारी जीभ घसरली बघा."

"आणि एवढी वर्षं मी तुला पहिलं ताट वाढत आले?"

मी मानेवरून बोट फिरवलं. सुरांच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची टोकं एकसारखी घासलेली, कुठं टोचत नव्हती. सांध्यात कागदही शिरला नसता. "सिस्टर, ही कारखान्याची नाही. पण इतकी चांगली मान मला करता येणार नाही."

त्यांनी ते अक्षर बराच वेळ पाहिलं, डोळे पुसले आणि हसायलाच लागल्या. "तरीच टुपेलोहून आल्यावर माझा हात एकदम सुधारला होता. मला वाटलं, देवाची कृपा."

मान बसवून मी नव्या तारा चढवल्या. त्यांनी तिथंच स्टुलावर बसून वाजवायला घेतलं, आणि ऑटिस दारात उभा राहून टाळ्यांचा ठेका धरू लागला.

"उशिरा पडतोय तुझा ठेका," वहिनी म्हणाल्या, "ट्रकसारखा पुढंमागं करू नकोस."